टाळूपासून टाचेपर्यंत

नवजात बाळाचं रक्त टाचेतून घेतात, हे आज इतकं रुळलंय की त्याचं कारण कुणी विचारत नाही. मी विचारायला गेलो आणि टाचेचा माग काढता काढता थेट डोक्यावर पोचलो. १९१५ साली हेन्री हेल्महोल्झ या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने लिहून ठेवलंय की तान्ह्या मुलाच्या शिरेत सुई घालायची तर पसंतीची जागा टाळू. तिच्या मऊ पडद्याखाली, अगदी मध्यरेषेवर, मेंदूकडचं रक्त परत नेणारी रुंद शीर असते. सुई तिच्यात उतरवायची. पॅरिसच्या आंत्वान मार्फां यांनी (मार्फान सिंड्रोम ज्यांच्या नावाचा, तेच हे) १८९८ मध्येच ही वाट सुचवली होती.

ज्या टाळूवर आपल्याकडे आजी हलक्या हाताने तेल जिरवते आणि परक्याचं बोट टेकू देत नाही, तिथे सुई! पण ही निवड निर्दयपणाची नव्हती. तान्ह्याचा हात गुबगुबीत, त्यातली शीर बारीक, ती चरबीत दडलेली. टाळूखालची शीर हलत नाही, निसटत नाही आणि प्रत्येक बाळात ठरल्या जागी सापडते. शिकवायला सोपी, हा तिचा मोठा गुण. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग सुई डोक्यावरून पायाशी कशी आली? सरळ उत्तर असं की डॉक्टर घाबरले. बाळाने मान हलवली तर शिरेची भिंत फाटते आणि मेंदूवर रक्त साचतं. हे उत्तर मला पटत नाही. हा धोका नंतर कळलेला नाही, तो पहिल्यापासून उघड होता. आणि ज्यांनी टाळू टाळली त्यांची सुई कुठे गेली? मानेतल्या शिरेकडे, जांघेतल्या शिरेकडे. म्हणजे एका मोठ्या शिरेवरून दुसऱ्या मोठ्या शिरेकडे. भीतीने जागा बदलली, मोठ्या शिरेचा हट्ट तसाच राहिला.

माझं म्हणणं असं की सुईची जागा प्रयोगशाळेच्या भुकेने ठरवली. १९०६ साली उपदंशासाठी वासरमन चाचणी आली. आईकडून बाळाला हा रोग लागलाय का, हे त्या काळच्या डॉक्टरांपुढे रोजचं कोडं. चाचणीला रक्त लागे ते मिलिलीटरांच्या हिशेबात, आणि तेवढं रक्त देईल अशी जागा तान्ह्या अंगावर मोजक्याच ठिकाणी असते. प्रयोगशाळा थेंबावर भागवू लागली तेव्हाच सुई खाली उतरली.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. थेंबभर रक्तावर चालणाऱ्या तपासण्या त्याआधीच्या. विल्यम गॉवर्स यांचं हिमोग्लोबिन मोजायचं उपकरण १८७८ चं. शिवाय रक्त कागदावर टिपण्याची कल्पनाही जुनी: १९१३ साली स्वीडनमधल्या लुंडचे प्राध्यापक इवार बांग यांनी फिल्टर पेपरवर घेतलेल्या रक्तातली साखर मोजली. थेंब होता, कागद होता, टाच तर होतीच. मग पन्नास वर्षं का गेली? माझा तर्क असा: बांगचा कागद तराजूत बसला, पोस्टात पडला नाही. त्यांना कागद हवा होता तो इवलंसं रक्त अचूक तोलायला. ते रक्त वाळवून दूरच्या गावाहून पाठवावं अशी निकड कुणाला नव्हती, कारण प्रत्येक बाळाची तपासणी करावी असा रोगच कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

तो रोग १९३४ साली नॉर्वेत सापडला. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी दोन मतिमंद भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. हाच फिनाइलकीटोन्युरिया. अन्नातलं फिनाइलॅलनीन शरीराला पचवता येत नाही, ते साचून मेंदू बिघडतो. १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये दाखवलं की आहार बदलला तर फरक पडतो. आता घाई आली. लघवीची खूण उमटायला काही आठवडे लागतात आणि तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. रक्तच हवं होतं आणि तेही पहिल्या काही दिवसांत.

अमेरिकेतल्या बफेलोचे रॉबर्ट गथ्री हे जीवाणूंचे अभ्यासक. स्वतःचा एक मुलगा मतिमंद, पत्नीच्या भाचीला फिनाइलकीटोन्युरिया. त्यांनी जाड फिल्टर पेपरवर टाचेचं रक्त टिपलं, वाळवलं, त्यातून गोल टिकली कापली आणि जीवाणू पेरलेल्या थाळीत ठेवली. थाळीत जीवाणूंची वाढ रोखणारं द्रव्य होतं. टिकलीत फिनाइलॅलनीन जास्त असेल तर ती रोख सुटून टिकलीभोवती वाढीचं वलय उमटे. ही पद्धत त्यांनी १९६३ मध्ये एडा सूसी यांच्यासह प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने नवजात तपासणीचा कायदा केला. ब्रिटनने १९६९ मध्ये ती देशभर नेली.

इथे टाळूचा तो गुण परत कामाला येतो. कायदा म्हटला की प्रत्येक बाळ आलं, आणि प्रत्येक बाळ म्हटलं की रक्त घेणार कोण? निष्णात डॉक्टर सगळीकडे पुरणार नाहीत. साध्या प्रसूतिगृहातली सिस्टर, घरी जाणारी सुईण यांना शिकवता येईल अशीच जागा हवी. टाच तशी होती. निदान सुरुवातीला तशी वाटली.

मग वाईट बातम्या आल्या. १९७६ मध्ये टाचेच्या हाडात जंतुसंसर्ग झालेल्या नवजातांची प्रकरणं छापून आली. सुई हाडापर्यंत पोचत होती. यावर १९७९ मध्ये ब्लुमेनफेल्ड, टुरी आणि ब्लाँ या तिघांनी मृत अर्भकांच्या टाचा मोजल्या: कातडीपासून हाड किती दूर. जगभरच्या प्रशिक्षणात आजही शिकवल्या जाणाऱ्या दोन काल्पनिक रेषा त्या शवविच्छेदनातून निघाल्या. एक अंगठ्याच्या मध्यापासून मागे, दुसरी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या फटीतून मागे. टोचायचं तळव्याच्या बाजूला, या रेषांच्या बाहेरच्या अंगाला. मागच्या गोलाईवर कधीच नाही, कारण तिथे हाड फार जवळ. आणि खोली २.४ मिलिमीटरहून जास्त नको.

पुढे अल्ट्रासाउंडने जिवंत टाचा मोजणाऱ्यांनी या रेषांवर वाद घातला: पूर्ण दिवसांच्या बाळात टाचेचा मध्यही इतका धोक्याचा नाही. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर असेल. शिकवण्याच्या दृष्टीने मी रेषांच्याच बाजूने उभा आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ समोर असताना नवख्या हाताला अपवाद आठवत नाहीत, रेषा आठवते.

रेषा आठवली तरी २.४ मिलिमीटर कुठलाही हात मोजू शकत नाही. म्हणून ते माप अवजारात शिरलं. आजच्या स्वयंचलित लॅन्सेटचं पातं कळ दाबताच बाहेर येऊन आपोआप आत जातं आणि पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण १ मिलिमीटरच खोल कापतं. तेवढं पुरतं, कारण टाचेतलं केशवाहिन्यांचं दाट जाळं ०.३५ ते १.६ मिलिमीटरमध्येच असतं. खोल टोचून रक्त वाढत नाही, धोका वाढतो.

हाताला शिकवायचं उरतं ते बाकी सगळं. टाच आधी शेकून ऊबदार करायची, पाय छातीच्या खाली ठेवायचा, पहिला थेंब पुसायचा. टाच पिळायची नाही. पिळली की तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढतं. कागदावरचं वर्तुळ एकाच मोठ्या थेंबाने एकाच बाजूने भरायचं, थरावर थर द्यायचा नाही. आईने बाळाला अंगाशी घेतलेलं किंवा पाजत ठेवलेलं असलं तर त्याला कमी दुखतं.

आपल्याकडे गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली, नागपुरात सिकलसेलसाठी नवजातांची तपासणी झाली. टाच इथेही पोचली आहे.

आणि तरीही टाचेचं राज्य अढळ नाही. कोक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार पूर्ण दिवसांच्या बाळात, कुशल हाताने घेतल्यास, शिरेतून रक्त घेणं टाचेपेक्षा कमी दुखतं. शिरेतलं रक्तही त्याच कागदावर टिपता येतं. म्हणजे आज टाच टिकली आहे ती कमी दुखतं म्हणून नाही. ती टिकली आहे शिकवायला सोपी म्हणून. माझी पैज अशी: जी रुग्णालयं आपल्या सिस्टरना हाताच्या मागची बारीक शीर शोधायला नीट शिकवतील, तिथे सुई टाचेवरून हातावर जाईल. बाकीच्या ठिकाणी ती जाणार नाही आणि जाऊही नये. अर्धवट शिकलेल्या हाताने शीर तीनदा चुकवण्यापेक्षा दोन रेषांच्या बाहेरचा एक टोच बाळाला परवडतो.