वस्तादाची पारख आणि परीक्षेचा दाखला

व्यायाम शिकविणाऱ्याची परीक्षा घ्यावी काय, आणि घेतल्यास तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध किती, हा प्रश्न आज रायगड किनाऱ्यावरही उपस्थित होतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे आता ‘जिम’ हा शब्द कोणास नवा राहिलेला नाही. तेथे शिकवू इच्छिणारा तरुण प्रथम कोणत्या तरी प्रमाणपत्राची चौकशी करतो. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो काही अंशी शब्दांतच साठविलेला आहे.

‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत तो व्यायामाच्या जागेचा वाचक झाला. ‘वस्ताद’ म्हणजे फार्सीतील ‘उस्ताद’, शिक्षक. ‘परीक्षा’ या संस्कृत शब्दाचा धात्वर्थ चोहोंकडून पाहणे असा असून त्याचेच तद्भव रूप ‘पारख’ होय. एकाच शब्दाची ही दोन रूपे पुढे दोन वाटांनी गेली. परीक्षा कागदावर आली. पारख डोळ्यांत राहिली.

जुन्या व्यवस्थेत वस्तादाला दाखल्याची गरज नव्हती. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवा झाला. त्याच घराण्यातील शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरा त्यांना देते. त्यांची योग्यता कोणी गुण देऊन ठरविली नाही. ती शिष्यांच्या अंगात दिसली. तालमीतला शिष्य स्वेच्छेने येई, गाव साक्षीला असे, आणि वस्ताद कच्चा निघाल्यास आखाड्यातच उघडा पडे.

शाळा आल्यावर ही स्थिती पालटली. तेथे मूल सक्तीने येते आणि शिक्षक बहुधा परगावचा, अपरिचित असतो. त्याची पारख गावाने करावी तरी कशी? हे काम दाखल्याने पत्करले. अमरावतीस १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि मद्रासेस १९२० मध्ये वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीस अशीच प्रशिक्षणसंस्था स्थापन केली. १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळालेला कुलाबा जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतातच होता. तात्पर्य, प्रमाणपत्र हे ज्ञानाच्या वाढीइतकेच अनोळखीपणाच्या वाढीचेही अपत्य आहे.

आजचा खाजगी व्यायामशिक्षक दुहेरी अनोळखी असतो. शिकणारा त्यास ओळखत नाही, आणि शिकणाऱ्याचे शरीर तोही ओळखत नाही. तालमीत निरोगी पोरे येत. आता मधुमेह, रक्तदाब, झिजलेले गुडघे घेऊन प्रौढ स्त्रीपुरुष येतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७५ मध्ये आरंभिलेली प्रमाणपत्रे हृदयरोग्यांच्या व्यायामाच्या संदर्भातच प्रथम निघाली, हे येथे ध्यानात घ्यावे. व्यायाम कधी थांबवावा आणि कोणास आधी वैद्याकडे पाठवावे, हे ज्ञान केवळ अनुभवाने येईपर्यंत एखाद्याचा जीव जावयाचा. इतक्यापुरती लेखी परीक्षा निश्चित उपयुक्त आहे.

परंतु दम कोंडला जात आहे, गुडघा आत वळत आहे, हे चार पर्यायांतून एक निवडून दाखविता येत नाही. दुसरी उणीव भाषेची. किनाऱ्यावरील एका व्यायामशाळेत एका तरुण शिक्षकाने वृद्ध कोळीणबाईंना ‘कोअर एंगेज करा, मावशी’ असे सांगितलेले प्रस्तुत लेखकाने ऐकले. त्या नुसत्या पाहत राहिल्या. तेव्हा तो म्हणाला, ‘शिंक आवरताना पोट कसं आवळता, तसं आवळा.’ त्यांनी ते तत्काळ केले. पहिले वाक्य परीक्षेचे होते; दुसरे वस्तादाचे. गुण मात्र पहिल्यालाच मिळाले असते.

मराठीत ही परिभाषा नाही, ही सबब टिकणारी नाही. बडोद्याचे प्रो. माणिकराव यांनी संघव्यायामाला देशी भाषेतील आज्ञा दिल्या. तेथूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध झाले. माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांना प्रयोगशाळेची कसोटी लावली. वस्तादाचा शिष्य शास्त्रज्ञ होऊ शकतो, याचा हा पुरावा होय.

म्हणून परीक्षा नको, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्यात पारखेला स्थान हवे. उमेदवारासमोर जिवंत माणूस उभा करावा, त्याचे दोष ओळखावयास सांगावेत, आणि ते त्याच्याच भाषेत सुधारून दाखवावयास लावावेत. असे न केल्यास दोन प्रकारची माणसे व्यवसायात शिरतील: डोळा असून दाखला नसलेली आणि दाखला असून डोळा नसलेली. पहिल्यांचे पोट उपाशी राहील. दुसऱ्यांच्या चुकीचा भार मात्र कोणा तिसऱ्याच्याच गुडघ्यांवर पडेल.