ऑब्जेक्ट स्टोरेज: साठवणीच्या निकषांचा इतिहास

संगणकीय साठवणीचे मूल्यमापन दीर्घकाळ क्षमता आणि वेग या दोनच मापांनी होत आले. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रॅमॅक यंत्राची महती २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांवर मावणारी सुमारे ५० लाख अक्षरे या आकड्यांतच सांगितली जाई. पुढे तबकडीवरील समान मापाच्या खंडांवर नावांची आणि कप्प्यांची उतरंड रचणारी फाइल-व्यवस्था मल्टिक्स व युनिक्स या प्रणालींतून रूढ झाली, तेव्हाही ही मापे बदलली नाहीत. फाइलींची संख्या कोटींच्या घरात गेल्यावर मात्र मोठ्या संस्थांना या व्यवस्थेची मर्यादा जाणवू लागली. कारण कोणती फाइल कोणत्या खंडांत आहे याची नोंद ज्या सर्व्हरकडे असे, त्याच्याकडेच प्रत्येक विनंती जावी लागे, आणि तबकड्या कितीही वाढवल्या तरी त्या एका सर्व्हरची कुवत वाढत नसे.

ही कोंडी फोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न १९९०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात गार्थ गिब्सन यांच्या गटाने केला. अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडून त्यांतली एखादी बिघडली तरी डेटा वाचवणारी ‘रेड’ ही पद्धत १९८८ साली बर्कलेत मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. त्यांच्या नव्या रचनेत तबकडीने क्रमांकित खंडांऐवजी ऑब्जेक्ट सांभाळायचे होते. मूळ डेटा, त्या डेटाचे वर्णन करणारा मेटाडेटा आणि दुसऱ्या कशालाही न दिलेली ओळख, या तिन्हींचा मिळून एक ऑब्जेक्ट होतो. तो तबकडीवर कुठे मांडायचा हे तबकडीनेच ठरवावे आणि परवानगी मिळालेल्या संगणकाने मधल्या सर्व्हरला वगळून थेट तिच्याकडून तो मागून घ्यावा, असा हा विचार होता. त्यावर आधारलेले मानकही २००४ साली तयार झाले, परंतु तबकडी-उत्पादकांनी ते फारसे स्वीकारले नाही.

कल्पनेला व्यापारी बळ मिळाले ते वेगळ्याच गरजेतून. अमेरिकेतील दलालांच्या पेढ्यांनी व्यवहारांच्या नोंदी पुसता किंवा बदलता न येणाऱ्या स्वरूपात जपाव्यात, असा तेथील रोखे आयोगाचा नियम होता, आणि एन्रॉन या कंपनीच्या हिशेबांतील घोटाळ्यानंतर २००२ साली आलेल्या सारबेन्स-ऑक्सली कायद्याने नोंदी जपण्याचे गांभीर्य आणखी वाढवले. त्याच वर्षी ईएमसी कंपनीने, बेल्जियममधील फाइलपूल ही छोटी कंपनी विकत घेऊन मिळवलेल्या तंत्रावर, सेंटेरा ही साठवण-यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात ऑब्जेक्टची ओळख त्याच्या आशयावरूनच गणिताने काढली जाई, त्यामुळे एक अक्षर बदलले तरी ओळख बदले आणि फेरफार लपत नसे. साठवण किती वेगवान आहे यापेक्षा तिच्यातील नोंद तीच आहे हे सिद्ध करता येते का, हा निकष येथे प्रथमच ठळकपणे पुढे आला, आणि या इतिहासातील हे वळण सर्वांत महत्त्वाचे मानले पाहिजे. मात्र त्या काळी ओळख काढण्यासाठी प्रचलित असलेल्या एमडी५ या पद्धतीत दोन भिन्न आशयांची ओळख एकच निघू शकते, हे २००४ साली वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दुसरी अडचण अधिक व्यावहारिक होती: सेंटेराशी बोलण्याची भाषा एकाच कंपनीची असल्याने ग्राहकांच्या प्रणाली तिच्याभोवती लिहिल्या गेल्या आणि यंत्रणा जुनी झाल्यावर तिच्यातून बाहेर पडणे कष्टाचे ठरले.

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने इंटरनेटवरून ऑब्जेक्ट-साठवण भाड्याने देणारी एस३ ही सेवा सुरू केली, तेव्हा संस्थेने यंत्र विकत घेण्याचीच गरज उरली नाही. एक गिगाबाइट महिनाभर ठेवण्याचे भाडे १५ सेंट आणि तेवढाच डेटा बाहेर नेण्याचे शुल्क २० सेंट होते. म्हणजे ठेवण्यापेक्षा नेणे महाग, हे या सेवेच्या पहिल्या दरपत्रकातच दिसते. पुढे ॲमेझॉनने ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यामागे, ऑब्जेक्टचे तुकडे करून गणिताने काढलेले जादा तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याचे आणि काही हरवले तरी उरलेल्यांतून मूळ डेटा उभा करण्याचे तंत्र आहे, ज्याची बीजे रीड आणि सॉलोमन यांच्या १९६० सालच्या संशोधनात आहेत. अशा आकड्यांकडे सावधपणे पाहण्याचे कारणही गिब्सन यांनीच दिले: बियांका श्रोडर यांच्यासह २००७ साली सुमारे एक लाख तबकड्यांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना आढळले की उत्पादकांच्या दाव्यानुसार वर्षाला ०.८८ टक्क्यांहून अधिक तबकड्या निकामी होऊ नयेत, पण प्रत्यक्षात हे प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के होते. शिवाय टिकाऊपणा म्हणजे उपलब्धता नव्हे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी देखभालीतील एका चुकीच्या आज्ञेमुळे व्हर्जिनियातील एस३ काही तास बंद पडली. डेटा गेला नाही, पण हवा तेव्हा मिळालाही नाही.

समितीने घडवलेले २००४ सालचे मानक जिथे मागे पडले, तिथे एस३ची आज्ञावली आपोआप मानक बनली. सेज वाइल यांच्या पीएच.डी. संशोधनातून निघालेली सेफ आणि नंतरची मिनआयओ यांसारख्या मुक्त प्रणालींनीही ती स्वीकारली, त्यामुळे संस्थेला स्वतःच्या इमारतीतही त्याच पद्धतीची साठवण उभारता येऊ लागली. तरीही जुन्या प्रणाली तिच्यावर सरळ बसत नसत: डिसेंबर २०२०पर्यंत एस३मध्ये बदललेल्या ऑब्जेक्टची जुनी प्रत काही काळ वाचली जाऊ शके, आणि फाइल-व्यवस्थेत क्षणात होणारे कप्प्याचे नामांतर येथे प्रत्येक ऑब्जेक्टची नक्कल करून मूळ पुसण्याचे काम ठरे, ज्याचा त्रास प्रचंड डेटावर प्रक्रिया करणाऱ्या हडूप या प्रणालीवर काम करणाऱ्यांना विशेष झाला.

भारतात याच काळात स्थळाचा निकष ठळक झाला. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपले केंद्र सुरू केले, आणि एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक-व्यवहारांचा सर्व डेटा भारतातच साठवण्याचा आदेश दिल्यावर साठवण देशात असणे ही या क्षेत्रातील संस्थांपुढे पहिली अट झाली. बाहेर पडण्याच्या शुल्काचा प्रश्न मात्र युरोपने हाती घेतला. तेथील डेटा कायदा जानेवारी २०२४मध्ये अमलात आल्याच्या सुमारास गूगल आणि ॲमेझॉन यांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे हे शुल्क माफ केले, आणि त्या कायद्यानुसार १२ जानेवारी २०२७पासून सेवा-बदलाचे कोणतेही शुल्क आकारता येणार नाही. अंतर आणि आकारमान यांना मात्र ही माफी लागू होत नाही: एक पेटाबाइट, म्हणजे दहा लाख गिगाबाइट, सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून अखंड पाठवत राहिले, तरी त्यास नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो.