ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर अपूर्णांक: कल्याण लोकल उलटी ठाण्याकडे का निघाली?

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने डोंबिवलीहून एक स्क्रीनशॉट पाठवला. 'मामा, सरळ रेषा यायला हवी होती. हे काय आलंय?' ती बाहेर शिकायला जायच्या विचारात आहे, एसएटीची तयारी चालू आहे. ती परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते आणि तिच्या ब्लूबुक ॲपमध्ये डेस्मॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो. सराव परीक्षेत तिचे मार्क याच कॅल्क्युलेटरवर गेले होते. गणित बरोबर, टायपिंग चुकलेलं.

तुमच्याकडे डेस्मॉस नसेल तर आधी घ्या. ॲप फुकट आहे आणि एकदा इन्स्टॉल झालं की नेटशिवाय चालतं, त्यामुळे मुंब्र्याजवळ रेंज गेली तरी अडत नाही.

आता आपल्याच लाइनचं उदाहरण घेऊ. ठाणे ते कल्याण अंतर साधारण २० किलोमीटर. स्लो लोकलला ३५ मिनिटं लागतात असं धरू (पावसाळ्यात धरू नका). म्हणजे वेग झाला मिनिटाला २०/३५, म्हणजेच ४/७ किलोमीटर. वेळ एक्स आणि ठाण्यापासूनचं अंतर वाय धरलं, तर समीकरण होतं: वाय = ४/७ गुणिले एक्स. शून्य मिनिटाला गाडी ठाण्यात, ३५ मिनिटांनी कल्याणला. सरळ रेषा.

डेस्मॉसमध्ये मात्र ४, भागाकाराची तिरकी रेघ, ७, एक्स असं सलग टाइप केलं की ग्राफ वाकडा येतो. कारण तिरकी रेघ दाबल्याबरोबर कर्सर छेदात जातो आणि तुम्ही बाहेर काढेपर्यंत तिथेच बसतो. एक्ससुद्धा छेदात गेला, समीकरण झालं ४/(७एक्स). या ग्राफवर ३५ मिनिटांनी गाडी ठाण्यापासून ०.०१६३ किलोमीटरवर आहे, म्हणजे फक्त १६ मीटर! आणि जितका वेळ जास्त, तितकी ती ठाण्याच्या जवळ येत जाते. भाचीच्या स्क्रीनशॉटमध्ये हीच वक्ररेषा होती.

उपाय साधा आहे. ७ लिहून झालं की कीबोर्डवरचा उजवा बाण दाबायचा, कर्सर अपूर्णांकाच्या बाहेर येतो, मग एक्स. बेरजेतही हेच. १/२ + ३ सलग टाइप केलंत तर तो १/(२+३) समजतो आणि साडेतीनऐवजी ०.२ देतो. नुसतं उत्तर बघून पुढे जाऊ नका. आडव्या रेघेच्या खाली काय काय गेलंय, ते आधी बघा.

गंमत म्हणजे फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरवर बरोबर उलटी चूक होते. ताशी वेग काढायला ३५ मिनिटांचे तास करू, ३५/६०. मग २० ला त्याने भागायचं. साध्या कॅल्क्युलेटरवर २० ÷ ३५ ÷ ६० टाकलंत तर तो डावीकडून भागत जातो आणि ०.००९५ देतो. तेच डेस्मॉसवर टाइप केलं तर दुसरा अपूर्णांक पहिल्याच्या छेदात तयार होतो आणि ३४.२८५७ येतं, जे बरोबर आहे. पण ते नशिबाने. म्हणून मी कुठलंही यंत्र असो, २० ÷ (३५ ÷ ६०) असा कंस टाकतोच.

दशांश उत्तराचा अपूर्णांक हवा असेल तर डेस्मॉसमध्ये त्या ओळीच्या डाव्या बाजूला अपूर्णांकाचं छोटं चिन्ह दिसतं. ते दाबलं की ३४.२८५७ चा २४०/७ होतो. कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएस प्लसवर हेच काम एस आणि डी लिहिलेलं बटण करतं. टीआय-८४ वर मॅथ बटण दाबून पहिलाच पर्याय निवडायचा. पण आधीच तोडलेला आकडा देऊ नका. ०.३३३ दिलंत तर यंत्र प्रामाणिकपणे ३३३/१००० म्हणेल, १/३ नाही.

आता पूर्णांकयुक्त अपूर्णांक. आपली भाषा यात श्रीमंत आहे: सव्वा, दीड, अडीच, जुन्या पाढ्यांत तर पावकी, दिडकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा. यंत्रांचं तसं नाही. टीआय-८४ वर २ लिहून पुढे साधा १/२ चा साचा टाकला तर तो गुणाकार धरतो आणि उत्तर १ येतं. अडीचसाठी तिथे वेगळा साचा आहे, कॅसिओवर शिफ्टसोबत अपूर्णांकाचं बटण. मी सरळ (२ + १/२) किंवा ५/२ लिहितो.

एसएटीत उत्तर स्वतः टाइप करायचं असेल तर हे फार महाग पडतं. अडीच हे उत्तर २ आणि १/२ असं लिहिलं तर ते २१/२ वाचलं जातं, म्हणजे साडेदहा. ५/२ किंवा २.५ लिहा. २/३ साठी ०.६७ चुकीचं धरतात, ०.६६७ किंवा .६६६७ चालतं. सगळ्यात बरं म्हणजे २/३ च लिहा.

ग्राफवर टॅप करून मिळणारे आकडे दशांशात असतात, हेही लक्षात ठेवा. डोंबिवली ठाण्यापासून साधारण १४ किलोमीटर धरलं आणि वाय = १४ ही दुसरी रेषा काढली, तर दोन्ही रेषा २४.५ वर छेदतात. हा आकडा सोपा आहे म्हणून कळतो. अवघड असेल तर १४/(४/७) वेगळ्या ओळीत टाकून अपूर्णांकाचं चिन्ह दाबा, ४९/२ मिळेल.

एसएससी-एचएससीवाल्यांनी मात्र सावध राहा: बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही, बारावीच्या भौतिकशास्त्राला लॉग टेबलच. तुमच्यासाठी डेस्मॉस म्हणजे घरी हाताने सोडवलेलं गणित तपासायचं साधन. तपासताना एक जागा हमखास फसवते. (एक्सचा वर्ग − ४) भागिले (एक्स − २) याचा ग्राफ अगदी अखंड सरळ रेषा दिसतो. पण एक्स = २ ला छेद शून्य होतो, तिथे किंमतच नाही. टेबल उघडून २ टाका, समोर 'अनडिफाइन्ड' दिसेल. नुसत्या चित्रावर तो खड्डा दिसत नाही.