सहावीचे वर्ष : निकालाची धास्ती नसलेले, पण पाया ठरविणारे

विटा : पाचवीची वार्षिक परीक्षा संपते, प्रगतिपत्रक हाती पडते आणि मूल सहावीत जाते. बहुतेक घरांत यानंतर काही काळ निवांतपणा येतो. आठवीची परीक्षा अजून दोन वर्षे दूर असते आणि दहावीचा विचार तर कोणाच्या मनातही नसतो. मात्र शालेय शिक्षणाच्या रचनेकडे बारकाईने पाहिले, तर अभ्यासक्रम, अध्यापनाची पद्धत आणि मुलांकडून असलेली अपेक्षा या तिन्ही बाबतींत सर्वांत मोठा बदल याच वर्षी घडतो. या वर्षात परीक्षेमुळे मूल मागे ठेवले जात नाही. त्यामुळे राहून गेलेली कच्ची बाजू लवकर नजरेसही येत नाही. म्हणूनच सहावीत नेमके काय बदलते आणि पालकांनी कशाकडे लक्ष द्यावे, याचा हा आढावा.

उच्च प्राथमिक स्तराचा प्रारंभ

महाराष्ट्रात पूर्वी पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक अशी विभागणी होती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर मानला. त्यामुळे सहावी हा नव्या स्तराचा पहिला वर्ग ठरला.

हा बदल केवळ नावाचा नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाकाठी किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास अपेक्षित आहेत; सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण २२० दिवस आणि १,००० तास असे आहे. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा, तसेच ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा, असेही कायद्याच्या अनुसूचीत नमूद आहे. साहजिकच, एकाच वर्गशिक्षकाच्या छायेत शिकलेल्या मुलाला आता तासागणिक बदलणाऱ्या शिक्षकांशी जुळवून घ्यावे लागते. प्रत्येकाची शिकविण्याची पद्धत वेगळी, वह्यांची अपेक्षा वेगळी. पहिल्या दोन महिन्यांत मुले गोंधळतात, वही विसरतात, गृहपाठ अर्धवट ठेवतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. त्याला आळस समजून रागावण्यापेक्षा वेळापत्रक पाहून आदल्या रात्री दप्तर भरण्याची सवय लावणे अधिक उपयुक्त ठरते.

विषय वेगळे, पुस्तकांची भाषाही वेगळी

पाचवीपर्यंत विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र आणि इतिहास हे विषय ‘परिसर अभ्यास’ या एका नावाखाली शिकविले जातात. सहावीत सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी स्वतंत्र पुस्तके हाती येतात. प्रत्येक विषयाची स्वतःची परिभाषा असते. ‘अक्षवृत्त’, ‘महाजनपद’, ‘स्थानिक शासन संस्था’, ‘बल’ असे शब्द एकाच आठवड्यात समोर येतात. मूल विषयात कच्चे आहे असे वाटते, तेव्हा अनेकदा ते केवळ शब्दांपाशी अडलेले असते. एखादा परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत विचारल्यास खरी अडचण लगेच समजते.

बालभारतीने २०१६ मध्ये काढलेल्या सहावीच्या पुस्तकमालेत इतिहासाचा भाग हडप्पा संस्कृतीपासून दक्षिणेतील प्राचीन राज्यांपर्यंत जातो, तर नागरिकशास्त्रात ग्रामीण व शहरी स्थानिक शासन संस्था आणि जिल्हा प्रशासन यांचा समावेश आहे. विटेकर पालकांना या विषयांसाठी दूर जाण्याची गरज नाही. विट्यात नगरपरिषद आहे आणि खानापूर तालुक्याचे मुख्यालयही येथेच असल्याने तहसील कार्यालय व पंचायत समिती गावातच आहे. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत विट्याने देशात प्रथम क्रमांक मिळविला होता. नगरपरिषद कोणती कामे करते, त्यासाठी पैसा कोठून येतो, हे समजावून देण्यास यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते?

भूगोलाचेही तसेच आहे. विटा सुमारे १७ अंश उत्तर अक्षवृत्त आणि साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास वसले आहे, हे नकाशावर मुलाकडूनच शोधून घ्यावे. खडकांचे प्रकार शिकताना पायाखालचा काळा बेसाल्ट दाखवावा. नैसर्गिक संसाधनांचा पाठ आला, की पर्जन्यछायेतील खानापूर तालुक्यात कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेची माहिती सांगावी. प्राचीन इतिहास शिकणाऱ्या मुलांना सुटीच्या दिवशी कऱ्हाडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी दाखविता येतील.

नव्या अभ्यासक्रमानुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलण्याचे राज्याचे धोरण आहे. त्यामुळे थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके वापरण्यापूर्वी किंवा नवी खरेदी करण्यापूर्वी कोणती आवृत्ती चालेल, हे शाळेत विचारून घ्यावे.

गणितातील नवे वळण

पालकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असा विषय म्हणजे गणित. पाचवीपर्यंतचे गणित बव्हंशी मोजता येणाऱ्या वस्तूंचे असते. सहावीत शून्यापेक्षा लहान संख्या येतात, संख्येच्या जागी अक्षर येते आणि समीकरण सोडवावे लागते. अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार, दशांश अपूर्णांक, मसावि-लसावि, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज आणि भौमितिक रचना हे घटक याच वर्षी हाताळावे लागतात. यांतील बहुतेक घटकांचे मूळ अपूर्णांकांत आहे. अपूर्णांक कच्चे राहिले, तर शेकडेवारी आणि व्याजही कच्चेच राहते. पुढे सातवी-आठवीत त्यावरच नवी प्रकरणे रचली जातात.

घरचा व्यवसाय येथे उत्तम शिक्षक ठरू शकतो. यंत्रमागावरील कापडाचा मीटरचा दर आणि त्यावरील नफा, दुकानातील सूट, बँकेच्या पासबुकातील व्याज ही सारी सहावीची गणितेच आहेत. सोन्याशी संबंध असलेल्या घरात तर २२ कॅरेटचे उदाहरण सहज देता येईल. २४ भागांपैकी २२ भाग शुद्ध सोने, म्हणजे सुमारे ९१.६७ टक्के, एकाच वाक्यात अपूर्णांक, गुणोत्तर आणि शेकडेवारी तिन्ही येतात.

श्रेणी कशी ठरते?

राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तीनुसार सहावीत आकारिक मूल्यमापनाला ५० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ५० टक्के भारांश ठरविण्यात आला. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे मूल्यमापन. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय यांचा त्यात समावेश होतो. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारे मूल्यमापन. ९१ ते १०० टक्क्यांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१ अशा क्रमाने श्रेणी दिल्या जातात.

प्रगतिपत्रकावरील एका श्रेणीवर समाधान मानू नये, हे यातून स्पष्ट व्हावे. टापटीप वही आणि सुरेख प्रकल्प यांमुळे एखाद्या मुलाची श्रेणी चांगली दिसते. मात्र लेखी उत्तरे अपुरी असतात. दुसऱ्याचे नेमके उलट असते. दोन्ही भागांचे गुण स्वतंत्रपणे पाहिल्यास मुलाला कोणत्या मदतीची गरज आहे, हे उमगते. घरी पालकांनीच तयार केलेला किंवा बाजारातून विकत आणलेला प्रकल्प या दृष्टीने मुलाचे नुकसानच करतो.

नापास नाही, तरीही सावधगिरी

२०१९ मध्ये शिक्षण अधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना त्याच वर्गात ठेवण्याचा पर्याय राज्यांना मिळाला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून या दोन वर्गांसाठी वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी असते. तीतही अपयश आल्यास त्याला त्याच वर्गात राहावे लागते.

सहावी आणि सातवीत असा अडथळा नाही. मात्र सहावीत निर्माण झालेली उणीव सातवीत झाकली जाते आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत एकदम उघडी पडते. त्या वेळी तीन वर्षांचा अभ्यास काही महिन्यांत भरून काढणे कठीण असते. सहावीच्या पहिल्या सत्रानंतर, दिवाळीच्या सुटीत एकदा शांतपणे बसून कोणता घटक राहिला आहे याची यादी केल्यास पुढील दोन वर्षांचे ओझे पुष्कळ हलके होईल.

परगावाहून येणारी मुले

खानापूर-आटपाडी परिसरातील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत स्थायिक झाली आहेत. काही वेळा मुलाला शिक्षणासाठी गावी आजी-आजोबांकडे ठेवले जाते, तर काही वेळा संपूर्ण कुटुंबच परतते. अशा मुलांसाठी सहावीतील प्रवेश विशेष जिकिरीचा असतो. परराज्यात वेगळ्या भाषेत शिकलेल्या मुलाला घरी मराठी बोलता येते. पण भूगोलाची मराठी परिभाषा त्याने कधी ऐकलेली नसते.

कायद्याच्या दोन बाबी या पालकांना ठाऊक असाव्यात. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दुसरे म्हणजे, राज्याच्या २०२३ च्या नियमांनुसार सहावी ते आठवीत वयानुरूप प्रवेशासाठी पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. म्हणून पाचवीचे गुणपत्रक जपून सोबत आणावे.

माध्यम कोणतेही निवडले तरी मराठी टाळता येणार नाही. सर्व मंडळांच्या व सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा राज्याने २०२० मध्ये केला आणि त्याची अंमलबजावणी २०२०-२१ पासून पहिली व सहावी या वर्गांतून सुरू केली. परगावाहून येणाऱ्या मुलाला प्रवेशापूर्वीच्या उन्हाळी सुटीत रोज एक पान मराठी वाचन आणि पाच ओळी लेखन एवढा सराव करून घेतला, तरी जूनमधील दडपण कमी होते.

स्पर्धा परीक्षांचे ओझे

सहावीच्या उंबरठ्यावर अनेक मुले दोन प्रवेश परीक्षा देतात. सांगली जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पलूस येथे आहे. त्याची निवड चाचणी पाचवीत असताना द्यावी लागते आणि जिल्ह्यातून कमाल ८० विद्यार्थ्यांची निवड होते. सातारा येथील सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झाले. तेथील सहावीच्या प्रवेशासाठी अखिल भारतीय पातळीवर ३०० गुणांची परीक्षा होते.

जागा मोजक्या असल्याने बहुसंख्य मुलांची निवड होत नाही, हे उघड आहे. मात्र अकरा वर्षांच्या मुलाला ‘एवढे क्लास लावूनही’ असे वारंवार ऐकविल्यास ते सहावीची सुरुवातच अपयशाच्या भावनेने करते. दोन्ही संस्थांत नववीतही प्रवेशाची संधी असते, हे त्याला आवर्जून सांगावे. याशिवाय, पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. सातवीच्या शिष्यवृत्तीचा पाया सहावीतच घातला जातो. त्यासाठी पाठ्यपुस्तकातील गणित आणि भाषा पक्की असणे हीच मुख्य तयारी होय.

दप्तर, गृहपाठ आणि वाढते वय

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, तर सहावी ते आठवीसाठी गृहपाठ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. मूल रात्री उशिरापर्यंत लिहीत बसत असेल, तर शिक्षकांशी बोलणे योग्य ठरेल.

या वयात शरीर झपाट्याने वाढते. शालेय पोषण आहारातही पाचवीपर्यंत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावीपासून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. डबा भरतानाही हा फरक ध्यानी घ्यावा. अनेक मुलींना याच सुमारास मासिक पाळी सुरू होते. तिची माहिती आईने, मावशीने किंवा आजीने आधीच दिलेली असावी. शाळेतील स्वच्छतागृहाची व पाण्याची सोय कशी आहे, हेही पालकांनी संकोच न बाळगता विचारावे. मुलांच्याही आवाजात, स्वभावात बदल होतात. उलट उत्तरे देणारे मूल बिघडले, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

शाळेत काय विचारावे?

पालकसभेत केवळ ‘अभ्यास कसा आहे?’ असे विचारल्यास ‘बरा आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत. गणित व विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहेत काय? आकारिक आणि संकलित गुण वेगवेगळे पाहता येतील काय? माझ्या मुलाचा कोणता घटक राहिला आहे? ते वर्गात प्रश्न विचारते काय? मुलाची उपस्थिती व प्रगती यांबाबत पालकांशी नियमित बोलणे हे कायद्याने शिक्षकांचे कर्तव्य मानले आहे. अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यामुळे हे प्रश्न विचारताना अवघडून जाण्याचे कारण नाही.

आई-वडिलांचे स्वतःचे शिक्षण किती झाले, हा प्रश्न येथे गौण आहे. रोज वीस मिनिटे मुलाजवळ बसून ‘आज शाळेत काय शिकलास, मला समजावून सांग’ असे म्हणता आले, तरी सहावीचे वर्ष सत्कारणी लागेल. जे मुलाला सांगता येते ते त्याला समजलेले असते, आणि जेथे ते अडखळते तेथेच दुसऱ्या दिवशी शिक्षकांची मदत घ्यावयाची असते.