आरंभाला सुट्टी



गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दूध उतू जात होतं आणि मी गॅससमोर उभी राहून नुसती बघत होते. सासूबाईंचं आजारपण, घरातली रंगरंगोटी, पाहुण्यांची ये-जा, सगळं एकदम आलं होतं. रात्री फोनवर सून म्हणाली, "आई, एक दिवस सुट्टी घ्या. आमच्या ऑफिसात हल्ली मन थकलं म्हणूनही रजा घेतात."

मला हसू आलं. गृहिणीला कसली सुट्टी? पण मग वाटलं, नोकरदारांना तरी ती कुठे आयती मिळाली होती?

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. तरी सुट्टी मिळायला सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये जवळपास दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोघींचं मला फार कौतुक वाटतं. सभेत उभं राहून "आम्हालाही विसावा हवा" म्हणणं त्या काळी सोपं नसणार. आपल्याला तर आज घरातल्या चार माणसांपुढेही ते म्हणवत नाही.

पण आपल्या धर्मात याची सोय त्याहून कितीतरी जुनी आहे. अष्टमी-चतुर्दशीचा प्रोषधोपवास हे श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांपैकी एक. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त उपवासाच्या दिवशी साजशृंगाराबरोबर आरंभही सोडायला सांगितला आहे. आरंभ म्हणजे चूल, दळण, कांडण, पाणी भरणं, केरवारा, सगळं घरकाम आलं. तो दिवस आराम करायचा नव्हे, तर धर्मश्रवण आणि ध्यान यांचा. पण मनाला स्वतःजवळ बसायला वेळ हवा, तर हातातलं काम आधी खाली ठेवावं लागतं, हे आचार्यांना ठाऊक होतं.

आपण काय केलं? उपवास ठेवला आणि आरंभही ठेवला! पोटात अन्न नाही आणि हातात घरच्यांसाठी लाटणं. मी कॉमर्सची पदवीधर. हिशेबाच्या वहीत यंत्राचाही घसारा दरवर्षी मांडतात. माझा मी चाळीस वर्षांत एकदाही मांडला नव्हता.

पुढच्या चतुर्दशीला मी घरात आदल्या दिवशीच सांगून टाकलं. यांनी खिचडी लावली, थोडी करपली. सासूबाईंचं औषधपाणी नणंदेनं बघितलं. मी सामायिक केलं, स्वाध्याय केला, दुपारी खिडकीशी गप्प बसले. थोडं रडूही आलं. संध्याकाळी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

एका दिवसानं सगळं बरं होत नाही. झोप उडाली असेल, उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, त्यात लाज कसली? पण येत्या चतुर्दशीला उपवास झेपो वा न झेपो, आरंभ तेवढा सोडून बघा. आणि घरात आधी सांगा. न मागता सुट्टी गिरणीतही मिळाली नव्हती.