पाळायचे नियम आणि अडवणारे नियम : शनी शिंगणापूरची गोष्ट

शिर्डीला गेलेल्या कितीतरी गाड्या परतताना शनी शिंगणापूरला वळतात. आणि गाडीत कुणीतरी विचारतंच, "तिथं काय काय पाळावं लागतं?" आज या साध्या प्रश्नाचा इतिहास बघू.

नेवासा तालुक्यातलं हे गाव बिनदाराच्या घरांसाठी प्रसिद्ध. देवालाही गाभारा नाही, छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी. जुनी रीत अशी, की पुरुषाने आंघोळ करून ओलेत्याने भगवं वस्त्र नेसायचं, मग चौथऱ्यावर जाऊन तेल वाहायचं. बायकांनी खालूनच हात जोडायचे.

आता बघा, आंघोळीचा नियम परगावचा पाहुणाही पाळू शकतो. पण बाईने काय पाळलं म्हणजे तिला वर जाता येईल? काहीच नाही. तिथं नियम संपतो आणि बंदी सुरू होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तर नंतर देवाचं शुद्धीकरण झालं. २६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाई आणि भूमाता ब्रिगेडच्या महिला निघाल्या, त्यांना सुप्याजवळच अडवलं. दरम्यान विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या होत्या. आधार होता १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा. या कायद्यामागे दलितांच्या मंदिरप्रवेशाचा लढा आहे; पंढरपूरसाठी साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केलं, तोच हा लढा. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने सरकारला हा कायदा नीट राबवायला सांगितलं.

मग विश्वस्तांनी पुरुषांनाही चौथरा बंद केला. म्हणजे समानता आली, पण सगळ्यांना बाहेर ठेवून! ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. गावातले पुरुष बंदी मोडून पाणी घालायला वर चढले, आणि त्याच दिवशी चौथरा स्त्री-पुरुष सगळ्यांना खुला झाला.

म्हणून मला वाटतं, प्रवासात यजमान गावाचा मान जरूर राखावा. चपला बाहेर काढाव्यात, गुरुद्वारात डोकं झाकावं, फोटो विचारून काढावा. यात आपलं काही कमी होत नाही. पण एखाद्या पाटीवर वागण्याऐवजी जन्माची अट लिहिलेली दिसली, तर तिला शिष्टाचार म्हणू नये. अशा पाट्या याआधीही उतरल्या आहेत, आणि त्या उतरवायला आपल्याच जिल्ह्यात माणसं रस्त्यावर आली होती.