कान्हेरीच्या पोढ्या : देवस्थान आणि पाणी यांचा जुना संबंध

देवस्थानाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की बहुधा मूर्ती, गाभारा, सभामंडप आणि शिखर यांचेच वर्णन होते. देवळाशेजारच्या पाण्याची आठवण शेवटी होते, किंवा होतच नाही. वास्तविक आपल्याकडील जुन्या देवस्थानांपैकी कितीतरी ठिकाणी आधी पाणी पाहिले गेले आणि मग देवाची जागा ठरली. स्नान, अभिषेक, नैवेद्य, उत्सवातील महाप्रसाद, वाटसरूची तहान, सगळे पाण्यावरच अवलंबून. म्हणून जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी पाण्याच्या एका फार जुन्या व्यवस्थेचा परिचय ग्रामस्थ आणि देणगीदार यांना करून देणे उचित ठरेल. ही व्यवस्था बौद्ध भिक्षूंच्या मठाची आहे. परंतु तिच्यातून मिळणारा बोध कोणत्याही धर्मस्थानाला लागू पडणारा आहे.

डोंगरातील वस्ती

मुंबईच्या उत्तरेस, जुन्या साष्टी बेटावर, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ऐन जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. जुन्या लेखांत या डोंगराला 'कण्हसेल' म्हटले आहे. कृष्णगिरी या नावाशी त्याचा संबंध आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्षूंची वस्ती होती. लहानमोठी मिळून शंभरावर लेणी एका डोंगरावर आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील असून त्यातील लेखात गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचा काळ येतो. वस्ती मोडत आल्यावरही येणेजाणे अगदी थांबले नव्हते. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली.

शेकडो माणसांनी राहावयाचे म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा. या डोंगरावर पाऊस उदंड पडतो, दोन हजार मिलिमीटरहूनही अधिक. परंतु जवळजवळ सगळा पाऊस ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतच्या चार महिन्यांत पडतो आणि काळ्या कातळावरून घसरत ओढ्याला मिळून समुद्राकडे निघून जातो. दिवाळी झाली की ओढा आटू लागतो आणि वैशाखात डोंगर तापून निघतो. भिक्षूंपुढे काम होते ते चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरविण्याचे.

पोढी म्हणजे काय

त्यांनी योजलेला उपाय साधा होता. डोंगराच्या माथ्यावर आणि उतारावर कातळात अरुंद चर कोरले. पावसाचे पाणी त्या चरांतून वळवून लेण्याच्या अंगणाशी आणले आणि तेथे कातळातच खोदलेल्या टाक्यात साठविले. या टाक्याला शिलालेखांतील प्राकृत भाषेत 'पोढी' किंवा 'पाणियपोढी' असे नाव आहे. कान्हेरीत बहुतेक लेण्यांच्या दाराशी अशी एखादी पोढी आढळते. तोंड लहान आणि आत पोट मोठे, अशी तिची घडण असते. तोंड लहान असल्याने ऊन आत शिरत नाही, पाणी थंड राहते, फारसे आटत नाही आणि पालापाचोळाही कमी पडतो. कातळ अखंड असेल तेथे चुन्याच्या गिलाव्याची गरज पडत नाही. चीर असेल तेथे मात्र पाणी ठरत नाही. म्हणून पाथरवटाला घाव घालण्यापूर्वी कातळाची परीक्षा करावी लागे.

एका पोढीचे पोट भरले की वरचे पाणी वाया न जाता उताराने खालच्या पोढीकडे जावे, अशीही योजना जागोजाग दिसते. दोन डोंगरांमधल्या घळीत बांध घालून पाणी अडविल्याच्याही खुणा आहेत. एकंदरीत सारा डोंगर म्हणजे एक मोठे छप्पर आणि पोढ्या म्हणजे त्या छपराच्या पन्हळीखाली ठेवलेले रांजण, असे म्हटल्यास चूक होणार नाही. यांतील काही पोढ्यांना आजही उन्हाळ्यात पाणी असते.

पाण्याचे देणगीदार

या पोढ्या कोणी खोदविल्या? राजांनी थोड्या, सामान्य माणसांनी पुष्कळ. कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपारा, चौल या गावांची नावे वारंवार येतात. ही त्या काळची बंदरे आणि बाजारपेठा. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पोढी दिली, तर कल्याणच्याच एका लोहाराने डोंगरावरील वाट करून दिली. लेख अगदी त्रोटक असतात : नाव, गाव, धंदा, आणि 'देयधर्म' म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, हा एक शब्द. देणगीची रक्कम सांगण्याची चाल या छोट्या लेखांत नाही. आपल्या देवळाच्या पायरीवर किंवा फरशीवर नाव कोरून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ असे दोन हजार वर्षांमागे जाते.

एक लेख मात्र विशेष मोलाचा आहे. पाचवा क्रमांक ज्याला दिला आहे ते लेणे नसून पाण्याचे टाकेच आहे. त्यावरील संस्कृत लेखात सतेरक नावाच्या अमात्याने ही पोढी दिल्याचे म्हटले असून वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक वंशातील एका महाक्षत्रपाची कन्या होती. महाक्षत्रपाच्या नावाचे आरंभीचे अक्षर 'रु' तेवढे शिल्लक आहे. तो रुद्रदामा असावा, असे विद्वान मानतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात लढाया चालू असता त्यांच्या सोयरिकीचा हा पुरावा उरला तो पाण्याच्या एका टाक्यावर. दोन्ही घराण्यांचे राजवाडे आज नाहीत. पोढी आहे.

सुदर्शन तलावाची कथा

याच रुद्रदाम्याचा जुनागढ येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याचा विषयही पाणीच. गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी त्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधविला. अशोकाच्या वेळी तुषास्फ या अधिकाऱ्याने त्याला पाट काढले. पुढे शके ७२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, मार्गशीर्षात भयंकर वादळ झाले. सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्यांना पूर येऊन बांध फुटला. ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल असे भगदाड पडले आणि तलाव रिकामा झाला.

भगदाड एवढे मोठे की राजाच्या मंत्र्यांनीच दुरुस्तीस विरोध केला. आता बांध पुन्हा उभा राहत नाही असे कळताच प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने ते काम अंगावर घेतले आणि बांध पूर्वीपेक्षा मजबूत करून दिला. या कामासाठी प्रजेवर नवा कर बसविला नाही, वेठबिगार घेतली नाही, खर्च राजाच्या स्वतःच्या कोशातून झाला, असे लेखात आवर्जून नमूद केले आहे.

तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीत, इसवी सन ४५५ च्या सुमारास, बांध पावसाळ्यात पुन्हा फुटला. या वेळी तेथील अधिकारी चक्रपालित याने तो वर्षभरातच दुरुस्त केला आणि त्यानंतर चक्रधारी विष्णूचे मंदिर बांधविले. आधी फुटलेला बांध, मग मंदिर, हा त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज मात्र तो तलाव नाही. सुमारे आठ शतके ज्याची डागडुजी झाली, तो पुढे काळाच्या ओघात नाहीसा झाला. उरला तो दुरुस्तीची हकीकत सांगणारा खडक.

डागडुजीचा पैसा

नवे बांधण्यास देणगीदार मिळतो. गाळ काढण्यास मिळत नाही. हा अनुभव सर्व देवस्थानांचा आहे. नव्या पायरीवर नाव घालता येते, उपसलेल्या गाळावर घालता येत नाही. प्राचीन लोकांना ही अडचण ठाऊक होती, म्हणून त्यांनी 'अक्षयनीवी' नावाची तोड काढली. मूळ रक्कम कायम ठेवावयाची आणि व्याजातून दरवर्षीचा खर्च भागवावयाचा. नाशिकच्या लेण्यातील लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे; २००० शेकडा दरमहा एक दराने आणि १००० शेकडा दरमहा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, व्याज तेवढे वापरावयाचे, असे त्यात स्पष्ट केले आहे.

नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव दिली. ती ज्या श्रेणींकडे ठेवली त्यांत तेली होते, तसेच 'ओदयंत्रिक' म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे कारागीरही होते, आणि त्यांच्याकडे २००० कार्षापण ठेवले होते. पाण्याची कामे करणाऱ्यांचा स्वतंत्र, पतदार संघ त्या काळी नाशकात होता, हे यावरून दिसते.

कान्हेरीतही असेच. इसवी सन ८४३ च्या सुमारास, राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या वेळच्या लेखात पूजा, विहाराची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी निरनिराळी तरतूद केलेली आढळते. डागडुजीचा पैसा पूजेच्या पैशात मिसळू दिला नाही, ही गोष्ट आजच्या विश्वस्तांनीही पाहण्यासारखी आहे.

त्याच जंगलातील तीन तलाव

कान्हेरीच्या आसपासच पुढे मुंबई शहराने आपले पाणी शोधले. १८६० च्या सुमारास विहार तलाव आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. या दोन्ही तलावांच्या पाणलोटात दाट जंगल राखले गेले. तेथे वस्ती होऊ दिली नाही. त्यामुळे दीडशे वर्षे होत आली तरी त्यांचे पाणी मुंबईस पिण्यास मिळते. थोड्याच अंतरावर, १८९० नंतर, पवई तलाव झाला. त्याच्या भोवती मात्र वस्ती वाढली, सांडपाणी शिरले, गाळ आणि जलपर्णी माजली. ते पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि इतर कामांकडे लावावे लागले. डोंगर तेच, पाऊस तोच. फरक राखण्याचा आहे.

जीर्णोद्धारानंतर

या इतिहासातून देवळाच्या कुंडासाठी, बारवेसाठी किंवा टाक्यासाठी काही साध्या गोष्टी निघतात. वैशाखात पाणी तळाला जाते, तेव्हाच गाळ काढावा. पावसाला सुरुवात झाल्यावर ते साधत नाही. रोहिणी लागण्यापूर्वी चर आणि पन्हळी झाडून मोकळ्या कराव्यात. पहिल्या एकदोन सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे. वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. सांडवा बुजू देऊ नये, कारण बांध किंवा भिंत फुटते ती बहुधा पाण्याला वाट न उरल्यामुळे. दगडांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ आणि उंबर यांचे रोप बोटभर असतानाच काढावे. मूळ जाड झाले की ते चिरा ढकलून टाकते. निर्माल्य पाण्यात न टाकता झाडाच्या आळ्यात घालावे. कपडे आणि भांडी धुण्याची जागा कुंडापासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगास ठेवावी. आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या कामावर घाईने सिमेंटचा लेप देऊ नये. आतली ओल कोंडून दगड फुटू लागतात, त्यासाठी जाणत्या गवंड्याचा सल्ला घ्यावा.

ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. प्रतिवर्षी नेमाने होणे एवढेच त्यांत कठीण. कळस चढला, वर्गणीचा हिशेब मिटला आणि मंडळी पांगली की कुंडाकडे पाहणारे कोणी राहत नाही. चारपाच पावसाळ्यांत गाळ कंबरेला लागतो. म्हणून जमलेल्या निधीतील काही भाग अक्षयनीवीप्रमाणे वेगळा ठेवून त्याच्या व्याजावर कुंडाची निगा चालावी आणि उपशाच्या दिवशी दर घरटी एक माणूस श्रमदानास यावा, असा प्रघात ज्या गावाने पाडला, त्या गावाचे पाणी टिकेल. उपशाला येणाऱ्याचे नाव कोठेही कोरले जाणार नाही. कान्हेरीच्या पोढ्यांतून गाळ काढणाऱ्या भिक्षूंची नावेही कोणास ठाऊक नाहीत. सामिदत्त सोनाराचे नाव दोन हजार वर्षे राहिले, त्याला त्या निनावी हातांचीही साथ होती.

श्रींच्या कृपेने हा जीर्णोद्धार सुफळ संपूर्ण झाला आहे. देवाच्या दारचे पाणी पुढच्या पिढ्यांच्या ओंजळीला असेच निर्मळ मिळत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥